आटलेल्या विहिरीचे प्रारब्ध

गृहस्थाच्या घरी रोज पाच ठिकाणी हिंसा घडते, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही ती पाच ठिकाणे. शास्त्रात यांना 'पंचसूना' म्हणतात. सूना म्हणजे खाटिकखाना. शब्द कठोर आहे खरा. पण शास्त्रकार चूल विझवा असे म्हणत नाहीत, घडा फोडा असेही म्हणत नाहीत. जगायचे तर विस्तव लागणार, दळण-कांडण लागणार, पाणी लागणार. म्हणून या पाच दोषांच्या परिहारार्थ गृहस्थाने ऋषींचे, पितरांचे, देवांचे, भूतमात्रांचे आणि अतिथीचे देणे रोजच्या रोज देत जावे, एवढेच त्यांचे सांगणे.

हा विषय आम्ही चाळीस वर्षे कीर्तनात सांगत आलो. चुलीत किडामुंगी जळते, जात्यात भरडली जाते, केरसुणीखाली चिरडली जाते, असे सांगितले की श्रोत्यांना पटते. पाचवा घडा आला की मात्र आम्ही थोडे घाईनेच पुढे जात असू. पाण्यात सूक्ष्म जीव असतात, पाणी गाळून भरावे, झाले! घड्यात नेमका कोणाचा जीव जातो हा प्रश्न आम्हाला नीट पडला तो अलीकडे, आणि तोही पोथी उघडून नव्हे, तर आमच्याच शेताच्या बांधावर. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी की नाही याचा बरेच दिवस विचार केला, कारण तिच्यात आमची काही शोभा नाही. शेवटी मनाने कौल दिला की ज्यांना चाळीस वर्षे सांगितले त्यांनाच हेही सांगावे.

आमचे गाव तेरणेच्या खोऱ्यात, तेरपासून चालत दोन तासांच्या वाटेवर. धाराशिव जिल्हा म्हणजे पर्जन्यछायेचा मुलूख. ज्वारी, तूर, हरभरा, करडई आणि दारात दोन शेळ्या, हा इथला जुना संसार. उस्मानाबादी शेळी देशभर नावाजली ती उगीच नाही. पाला खाऊन, उन्हात उभी राहून दोन-दोन पिल्ले देणारी जात या कोरड्या भुईनेच घडवली. आमची वडिलार्जित जमीन तीन एकर. २०१८ साली पावसाने दगा दिला, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात आमच्या चिरंजीवाने कर्ज काढून शेतात बोअर मारली. साडेचारशे फुटांवर पाणी लागले. दीड एकर ऊस लावला. आम्ही त्या वेळी फिरतीवर होतो. परतलो तो हिरवेगार रान पाहून संतोष वाटला. बोअरला नारळ आम्हीच फोडला.

आमच्या बांधाला लागून एका बाईंची दोन एकर जमीन आहे. नाव सांगत नाही. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. पती जाऊन वीस वर्षे झाली, मुलगा पुण्याकडे कंपनीत. गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी कधी चुकवली नाही, आणि कीर्तनाला पहिल्या रांगेत बसून टाळीचा ठेका धरणाऱ्या. त्यांची विहीर सासऱ्याच्या काळची, आठ परस खोल. त्या पाण्यावर दहा गुंठे माळवे पिकवून आठवड्याच्या बाजारात विकायचे, त्यावर त्यांचे घर चालायचे. २०१६ च्या दुष्काळात साऱ्या शिवारात ठणठणाट होता, तेव्हाही या विहिरीच्या तळाला हंडाभर पाणी पाझरत असे आणि अर्धी वस्ती ते भरून नेई. हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

२०२३ चा पाऊस पुन्हा कमी झाला. माघात आक्कांची विहीर पार कोरडी पडली. पुढे चैत्रात गावात सप्ताह होता. एक दिवसाची सेवा आमच्याकडे होती आणि विषय आला प्रारब्धाचा. संचित, क्रियमाण, प्रारब्ध हे तिन्ही कर्मभेद आम्ही रंगवून सांगितले. ओघात बोलून गेलो, की कोणाची विहीर आटते, कोणाची भरते, ज्याचे त्याचे प्रारब्ध. भक्ताने दोन्हींत सम राहावे. पहिल्या रांगेतून आक्कांनी मान डोलावली. आम्हाला वाटले, निरूपण पोहोचले.

वैशाखात आमच्या शिवारातला डीपी जळाला. बारा दिवस वीज नव्हती, मोटार बंद. तेराव्या दिवशी सकाळी आम्ही शेताकडे गेलो, तो आक्का विहिरीवर पोहरा सोडून पाणी शेंदताना दिसल्या. वाकून पाहिले. तळाला दोन हात पाणी चढले होते. पाऊस नाही, पाट नाही, टँकर नाही. दुपारी नवा डीपी बसला, मोटार सुरू झाली आणि आठवड्याच्या आत विहिरीचा तळ पुन्हा पांढरा पडला.

न्यायशास्त्राचा ओनामा ज्याने गिरवला आहे त्याला याहून अधिक काय सांगावे? धूर असेल तिथे अग्नी असतो, अग्नी नसेल तिथे धूर नसतो. याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. आमची मोटार चालते तेव्हा आक्कांची विहीर आटते. मोटार थांबते तेव्हा विहीर भरते. आमच्या भागातला खडक काळा बेसाल्ट. त्यात पाणी रांजणात साठावे तसे साठत नाही. ते वरच्या मुरुमात आणि खडकाच्या भेगांतून राहते. खोल बोअर खालून ओढू लागली की वरचे पाणी त्याच भेगांनी खाली उतरते. ज्याला आम्ही प्रारब्ध म्हटले ते आमच्याच मोटारीचे क्रियमाण होते.

हे कळले, आणि आम्ही गप्प बसलो. थोडेथोडके नव्हे, पावणेदोन वर्षे.

आता येथे कोणी म्हणेल, की महाराज, आपण उसाच्या नावाने खडे फोडणार. तसे नाही. आमचा पुतण्या लातूरला महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. त्याच्यापाशी आम्ही नाव न घेता ही गोष्ट काढली, तेव्हा तो म्हणाला, "काका, शेतकऱ्याला पापी ठरवून काही साधायचं नाही. तो वेडा नाही, हिशेबी आहे." आणि त्याने हिशेब मांडला. २०२५-२६ च्या हंगामात उसाला सव्वादहा टक्के उताऱ्यासाठी क्विंटलला ३५५ रुपये रास्त भाव कायद्याने ठरलेला. कारखान्याला तो द्यावाच लागतो. सोयाबीनचा हमीभाव त्या वर्षी ५,३२८ रुपये जाहीर झाला, पण बाजारात त्याहून कमीच मिळाला. एका पिकाला बांधलेला भाव, दुसऱ्याचा भाव वाऱ्यावर. मग माणूस कुठे जाईल? आमच्याच घरचे पाहा. दीड एकरात साठ टन ऊस, तोडणी-वाहतूक वजा जाता दीड लाखाच्या आसपास हाती येतात. त्याच रानात ज्वारी केली तर दहा क्विंटल धान्य आणि कडबा, सगळे मिळून तिसरा हिस्साही होत नाही.

"आणि पाण्याचा हिशेब?" आम्ही विचारले.

तो हसला. म्हणाला, "तोच तर कुणी धरत नाही." उसाला पाटाने पाणी दिले तर एकराला पाऊण कोटी लिटरच्या घरात लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी आली ती वाचकांना आठवत असेल. स्टेशनावर तिला हार घातले गेले. पहिल्या गाडीत दहा डब्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. म्हणजे एक एकर ऊस पंधरा गाड्या पितो! आमच्याकडे ठिबक आहे, म्हणून निम्मे धरले तरी आमचे दीड एकर रान वर्षाला अकरा गाड्या पाणी पिते. आणि ही गाडी ज्या वर्षी आली त्या वर्षीही मांजरेच्या आणि तेरणेच्या खोऱ्यात ऊस उभा होताच. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने आपल्या अहवालात लिहिले होते, की महाराष्ट्रात पिकाखालच्या क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस आहे, पण सिंचनाच्या पाण्यापैकी जवळजवळ सत्तर टक्के पाणी तो घेतो. एक किलो साखरेमागे दोन हजार लिटरच्या आसपास पाणी जाते. काल्याच्या प्रसादाला आपण शिरा करतो, त्यातल्या साखरेचा भाव दुकानदार सांगतो. त्या दोन हजार लिटरांचा भाव कोण सांगणार?

१९२० साली केंब्रिजच्या पिगू नावाच्या प्राध्यापकाने यावर ग्रंथ लिहिला आहे, असे पुतण्याने सांगितले. त्याचा दृष्टान्त मोठा मार्मिक वाटला. आगगाडीच्या इंजिनातून ठिणग्या उडतात आणि रुळाकडेचे रान जळते. कंपनी कोळशाचे पैसे देते, मजुराचे देते. जळालेल्या रानाचे देत नाही. म्हणून तिकीट स्वस्त. त्या स्वस्ताईची भरपाई रानाचा धनी करतो, आणि तो गाडीत बसलेलाही नसतो. आम्हाला चटकन पंचसूना आठवल्या. मनूने चुलीचा दोष सांगितला तोच याने इंजिनाचा सांगितला. भेद एवढाच, की मनूच्या चुलीत किडामुंगी जळते. आमच्या मोटारीखाली माणसाचे माळवे जळाले.

विजेचेही तेच. एप्रिल २०२४ पासून महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे. गरिबाला दिलासा मिळाला, त्यात वाद नाही. शिवाय आता सौरपंपही आले, सूर्यनारायण फुकट. हे चांगलेच, कोळसा जळत नाही. पण पूर्वी पाणी खोल गेले की बिल वाढे आणि माणूस भानावर येई. आता पन्नास फुटांवरून ओढा की पाचशे, मोटार चालवणाऱ्याला सारखेच. पाणी कुठवर गेले हे शेजाऱ्याची विहीर सांगते, आपले मीटर सांगत नाही.

चुलीची आणखी एक गोष्ट. ऊस तुटून गेला की रानात पाचट उरते. ते कुजवले तर जमिनीचे पोट भरते, पेटवले तर एका काडीत रान मोकळे. कुजवायला यंत्र आणि मजूर लागतो, काडीला काहीच लागत नाही. संध्याकाळी आमच्या पट्ट्यात चहूकडे ज्वाळा दिसतात. गांडूळ, मुंग्या, पाखरांची घरटी यांचा तर हिशेबच नको. चिरंजीवानेही दोन वर्षे पेटवले. नंतर आम्ही हट्ट धरला म्हणून सोडले. आता तर उसाची चूल मोटारगाडीच्या पोटातही पेटली आहे. पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली गाठल्याचे सरकारने जाहीर केले. परदेशी तेल कमी लागते हा लाभ खराच. पण डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी म्हणून साखर पुरेल की नाही ही चिंता पडली, तेव्हा याच सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घालावे लागले. जाते आणि चूल एकाच पाण्यावर चालू लागली, की कोरड्या वर्षी त्यांचे भांडण लागणारच.

केरसुणीबद्दल फार लिहीत नाही, आपले आपल्याला ठाऊक आहे. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आली, त्यापूर्वी सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी ओढ्यात पांढऱ्या ताटांचा जो खच पडे त्याकडे पाठ करून आम्ही 'अन्न हे पूर्णब्रह्म' सांगत होतो. पळसाच्या पत्रावळी परत आल्या हे वारकऱ्यांचे भाग्य. प्लास्टिकचे पेले मात्र अजून गेले नाहीत.

असो. मूळ प्रश्न पाण्याचा. येथे पूर्वपक्ष असा, की जमीन माझी, तर तिच्या खालचे पाणी माझे. सरकारी कायद्यातही याला आधार आहे. १८८२ चा इंग्रजांच्या काळचा सुविधाधिकाराचा कायदा जमिनीच्या मालकाला आपल्या हद्दीत खालचे पाणी घेण्याची मुभा देतो. चिरंजीवाने हेच म्हटले : "आबा, बोअर आपल्या रानात आहे. आक्कांच्या रानात तर मारली नाही ना?"

याला उत्तर धर्मशास्त्रात आहे आणि ते फार जुने आहे. पूर्वी कोणी विहीर किंवा तळे बांधले तर त्याचा उत्सर्गविधी होई. बांधणारा संकल्प करून त्या पाण्यावरचे आपले स्वत्व सोडी आणि ते सर्व भूतांना अर्पण करी. मग तो स्वतः पाणी घेई तो सर्व भूतांपैकी एक म्हणून. श्रम त्याचे, दगड त्याचे, पुण्य त्याचे. पाणी मात्र त्याचे नव्हे. आम्ही विद्यार्थिदशेत हा विधी पाठ केला होता. बोअरला नारळ फोडताना तो आठवला नाही! त्या विधीतला संकल्प सोडून फक्त नारळ तेवढा आम्ही राखला. नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखात ओतली, ही कथा आम्ही किती वेळा सांगितली असेल. त्या कथेतली कावड नाथांच्या खांद्यावरची होती, स्वतः वाहून आणलेली. आणि आम्ही शेजारणीच्या विहिरीतले पाणी ओढून उसाला पाजले.

नव्या कायद्यालाही हे काही अंशी उमगले आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी साठ मीटरहून, म्हणजे दोनशे फुटांहून, खोल विहीर घेण्यास मनाई आहे. तो २०१४ पासून अमलात आहे. आमची बोअर त्यानंतरची आणि दुपटीहून खोल. कायदा ठाऊक नव्हता ही सबब. कायदा गावात कोणालाच ठाऊक नव्हता, हीही सबबच.

दुसरी शंका याहून सूक्ष्म आहे. पुतण्याने १९६० सालच्या कोस नावाच्या दुसऱ्या पंडिताचे मत सांगितले. त्याचे म्हणणे असे, की हानी करणारा आणि हानी सोसणारा यांनी समोरासमोर बसून सौदा केला, तर मार्ग निघतो. आमच्या उदाहरणाला ते लावून पाहिले. आक्कांच्या माळव्याचे वर्षाला तीस हजार बुडाले म्हणू. उसाचा ज्वारीवरचा फायदा लाखाच्या घरात. तेव्हा आक्कांना तीस हजार, हवे तर चाळीस द्यावे आणि ऊस चालू ठेवावा. दोघेही सुखी. हिशेबात खोट काढता येत नाही.

तरी आमचे मन त्यात रमले नाही. एक तर सौद्याला दोघांनी बोलावे लागते. ज्याच्या तोंडावर 'प्रारब्ध' हा शब्द आम्हीच ठेवला तो काय बोलणार? दुसरे असे, की देणेकरी एकट्या आक्का नाहीत. साडेचारशे फुटांवरचे पाणी कालच्या पावसाचे नसते. ते किती पिढ्यांनी मुरवले आणि पुढल्या किती पिढ्यांचे, हे सांगता येत नाही. आक्कांना चाळीस हजार दिले, पण जो अजून जन्मला नाही त्याच्याशी सौदा कोण करणार? आणि तिसरे, जे आम्हाला सर्वांत टोचले ते असे : पैसे देऊन हानी करण्याचा अधिकार विकत मिळतो काय? पंचयज्ञ हा खाटिकखान्याचा परवाना नव्हे. अटळ हिंसेसाठी ते प्रायश्चित्त आहे. टाळता येणाऱ्या हिंसेला ते लावता येत नाही. भाकरीची चूल अटळ आहे. आमच्या दीड एकरातला ऊस अटळ होता काय?

याच महाराष्ट्रात एकाने हा प्रश्न सोडवून दाखवला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्याने पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा, की पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे तर घरातल्या माणसांवर मिळेल : माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. भूमिहीनालाही वाटा. आणि ऊस लावायचा नाही. यात कोणी संन्यास घेतला नाही, शेतीच केली. आम्हाला तर ही पंगतीची रीत वाटते. पंगतीत कोणाचे शेत किती हे पाहून वाढत नाहीत, पान पाहून वाढतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या जिल्ह्यावर आभाळ फाटले. परंडा-भूमकडे सीनेकाठी तर माणसे छपरांवर अडकली. नदीकाठची रानेच्या राने खरवडून गेली, खाली नुसता खडक उरला. सरकारने ऑक्टोबरात मदत जाहीर केली : खरवडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीतून ३ लाख. मदत हवीच होती. पण हातभर काळी माती व्हायला किती शतके लागतात, आणि तिचा भाव काय लावायचा? त्या पुरात आक्कांची विहीर तुडुंब भरली. आम्हाला, खरे सांगतो, फार हलके वाटले. देवाने आमचे देणे फेडले अशी काहीशी लबाड समजूत मनाने करून घेतली. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, पण ती लोकांकडून येणे असलेली खते होती. स्वतःच्या देण्याची खते पुरात सोडून देण्याची मुभा तिथे कोणाला सांगितलेली नाही. माघ आला आणि विहिरीचा तळ पुन्हा दिसू लागला.

तेव्हा एका संध्याकाळी आम्ही आक्कांच्या ओट्यावर गेलो. त्यांनी घोंगडी अंथरली, पाणी दिले. पाणी कुठून आणता म्हणून विचारले, तर म्हणाल्या, वस्तीवरच्या हापशावरून, दोन खेपा. तो तांब्या हातात धरवेना. आम्ही सगळे सांगितले : डीपी जळाल्याचे, दोन हात चढलेल्या पाण्याचे, गप्प बसल्याचे.

आक्का काही वेळ वाती वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ठावं व्हतं, महाराज."

"केव्हापासून?"

"पहिल्याच उन्हाळ्यापासून. तुमची मोटार लागली की माझ्या हिरीतला झरा बारीक व्हायचा. मी वरून बघायचे की. येकदा मनात आलं, जावं अन् तुमच्या पोराला सांगावं. पर तुमी सप्त्यात परारब्ध म्हनलात. म्हनलं, महाराज शिकलेले हायेत, त्यास्नी आपल्यापरीस जास्त कळतं. मंग गप बसले."

तेरला गोरोबाकाकांच्या समाधीपुढे आम्ही अनेकदा ती कथा सांगितली आहे. नामाच्या छंदात काका चिखल तुडवत होते आणि रांगत आलेले मूल पायाखाली गेले. श्रोते रडतात, आम्हीही रडतो. काकांचे देहभान हरपले होते. पायाखाली काय आले हे त्यांना कळले नाही. आम्हाला बारा दिवसांत कळले होते, आणि तरी आम्ही तुडवतच राहिलो, तोंडाने नाम घेत. गोरोबांची कथा सांगण्याचा आमचा अधिकार त्या ओट्यावर गळून पडला. आक्कांना मात्र आमचे काय चालले आहे ते उमगले असावे. "जाऊ द्या, च्या ठेवते," म्हणून त्या आत गेल्या.

घरी येऊन चिरंजीवाशी बोललो. तो रागावला नाही, पण वही काढून पुढे ठेवली. बोअरच्या कर्जाचे अजून दोन हप्ते, नातीची फी, औषधे. "आबा, तुमी म्हणता ते पटतं. पण खोडवा आत्ता मोडला तर हप्ता कशातून भरू?" या प्रश्नाला आमच्यापाशी शास्त्रवचन नव्हते. कीर्तनाच्या बिदागीतून एक हप्ता आम्ही भरू असे सांगितले. त्यावर तो काही बोलला नाही. शेवटी ठरले ते असे : खोडवा हाताशी आला आहे, तो तुटेल. पुढे ऊस नाही. तूर आणि रब्बीची ज्वारी. मोटार दिवसाआड दोन तास, आणि आमच्या बोअरपासून आक्कांच्या रानापर्यंत दीड इंची पाइप. पाइपचे काम झाले. आक्कांनी वांग्याची रोपे टाकली आहेत. पहिल्या दिवशी पाणी आले तेव्हा त्यांनी ते शेतात सोडण्याआधी तांब्याभर घेऊन आमच्या दारातल्या तुळशीला घातले. आम्ही ओसरीवरून पाहत होतो, पण समोर जायचे धैर्य झाले नाही.

चिरंजीव अजून मधून मधून वही काढून बसतो. गावात आणखी सात बोअर आहेत; त्यांपैकी चार माळकऱ्यांच्या आहेत. त्यांच्याशी एक-दोनदा बोलणे काढून पाहिले. एक जण म्हणाला, "महाराज, तुमचं भागलंय, आमचं काय?" त्याचेही काही चूक नाही. त्याच्याकडे बिदागी येत नाही.

यंदाच्या चैत्रातल्या सप्ताहाची पत्रिका छापायची आहे. व्यवस्थापक दोनदा येऊन गेले. आमच्या नावापुढे मागच्याप्रमाणेच 'प्रारब्धविवेक' घालू का, म्हणून विचारीत होते. विषय अद्याप कळवलेला नाही. कळवू तेव्हा आधी आक्कांना विचारून कळवावे असे मनात आहे.